हवा बिघडली की वर्ग भरतो

महाराष्ट्रात शाळेला सुट्टी देतो तो पाऊस. दिल्लीत हे खातं हवेकडे आहे. फरक इतकाच की पाऊस सुट्टी देतो ती पुरती देतो. रेड अलर्ट आला की मुलं पांघरूण डोक्यावर ओढून घेतात, मास्तर भज्यांची फर्माईश करतात आणि त्यात शिक्षणाधिकाऱ्यांनाही काही वावगं वाटत नाही. दिल्लीची हवा मात्र ऐनवेळी हात आखडता घेते. नोव्हेंबर लागतो, पंजाब-हरियाणातल्या शेतांत भाताचे खुंट जळू लागतात, वारा पडतो, वरच्या उबदार हवेचा थर खालच्या थंड हवेला दाबून धरतो आणि गाड्यांचा, कारखान्यांचा, शेकोट्यांचा सगळा धूर आमच्या नाकाच्या उंचीवर मुक्काम ठोकतो. मग आदेश निघतो : शाळेची इमारत बंद, शाळा चालू. ही अवस्था वेदान्त्यांना चटकन कळावी. आम्हा शिक्षकांना ती रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर आलेल्या तिरक्या स्कॅनच्या पीडीएफमधून कळते.

मी पूर्व दिल्लीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. त्यामुळे हा हवेचा थर माझ्या अभ्यासक्रमातच आहे. एरवी भूगोलाच्या मास्तरणीला ज्वालामुखी, वाळवंट, हिमनद्या असं सगळं न बघताच शिकवावं लागतं. हा एकच धडा असा आहे की खिडकी उघडून दाखवता येतो. पण तो शिकवायची वेळ येते तेव्हा नेमकी वर्गात मुलंच नसतात.

१८ नोव्हेंबर २०२४ या दिवशी दिल्लीचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९४ होता. ही मोजपट्टी ५०० ला संपते. सीबीएसईची बारावीही ५०० गुणांची, त्यामुळे स्टाफरूमच्या ग्रुपवर पहिली प्रतिक्रिया कौतुकाची होती : अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ टक्के! अर्थात दिल्लीत तेव्हा तेवढ्याने भागत नसे. २०२१ साली हिंदू कॉलेजात राज्यशास्त्राचा पहिला कटऑफ १०० टक्के होता. म्हणजे इतकी मेहनत करूनही ही हवा कॉलेजच्या फाटकाबाहेरच राहिली असती.

त्याच दिवशी ‘ग्रॅप’चा चौथा टप्पा लागू झाला. हवा किती बिघडली की काय काय बंद करायचं, याची ही चढती यादी. बांधकामं, जुन्या डिझेल गाड्या, ट्रक, असं करत करत ती शाळेपर्यंत येते. सरकारी यादीत आमचा नंबर ट्रकच्या शेजारी लागतो याचा आम्हाला थोडा अभिमानही आहे. एरवी जनगणना आणि मतदार यादी सोडली तर शिक्षकाची आठवण इतक्या तातडीने कोणाला होत नाही.

आठवडा उलटला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पुढे सरकलं. न्यायालयाने बोट ठेवलं ते नेमक्या जागी. बऱ्याच मुलांच्या घरी ऑनलाइन शिकायची सोय नाही, हवा शुद्ध करणारं यंत्रही नाही, म्हणजे घरी बसून ती काही वेगळी हवा घेत नाहीत. आणि शाळा बंद म्हणजे माध्यान्ह भोजनही बंद. मग २५ नोव्हेंबरला तोडगा निघाला : ‘हायब्रिड’. ज्याला यायचं त्याने शाळेत यावं, ज्याला घरी बसायचं त्याने घरून शिकावं. तोडगा कागदावर निर्दोष आहे. अडचण एवढीच की शिक्षकाला तोंड एकच असतं, आणि पाठही एकच.

हायब्रिड वर्ग ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी मांडणी सांगते. टेबलावर खुर्ची. खुर्चीवर ॲटलासचा गठ्ठा. गठ्ठ्यावर डस्टर. डस्टरला टेकवून माझा मोबाईल. मोबाईलच्या चार्जरची वायर पहिल्या बाकावरून खिडकीजवळच्या पॉइंटपर्यंत, आणि ती कोणाच्या पायात येऊ नये म्हणून तिच्यावर पाय ठेवून बसलेला एक जबाबदार विद्यार्थी. या कॅमेऱ्यात फळा पूर्ण दिसतो तेव्हा मी दिसत नाही. मी दिसते तेव्हा फळ्यावरचा भारत विंध्याच्या खाली कापला जातो. मी महाराष्ट्राची, त्यामुळे हे जरा लागतं.

“मॅम, बोर्ड नहीं दिख रहा,” मोबाईलमधून आवाज येतो. मी मोबाईल हलवते. “मॅम, अब लाइट पड़ रही है.” मी पडदा ओढते. “मॅम, अब अंधेरा है,” हे आता समोरच्या बाकावरून. तेवढ्यात घरी बसलेल्यांपैकी कोणाच्या तरी गल्लीत भाजीवाला शिरतो आणि संपूर्ण वर्गाला कळतं की त्या गल्लीत मटार काय भावाने आहे. समोरची मुलं हसतात. मोबाईलमधली मुलं विचारतात, “मॅम, क्या हुआ?” झालेला विनोद त्यांना समजावून सांगावा लागतो. समजावलेल्या विनोदाचं जे होतं ते होतं आणि मॉन्सून अरबी समुद्रातच अडकून राहतो.

या सगळ्याची पायाभरणी अर्थातच २०२० च्या मार्चमध्ये झाली. तोवर आमच्या स्टाफरूममध्ये संगणकाचा उपयोग निकालपत्रक भरणं आणि भरलेलं निकालपत्रक चुकून उडवणं एवढाच होता. मग टाळेबंदी आली आणि वर्ग थेट हॉलमधल्या दिवाणावर भरायला लागले. झूम हा शब्द त्याआधी आम्ही लग्नाच्या फोटोग्राफरच्या तोंडून ऐकला होता. एप्रिलच्या मध्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम वापरायला सुरक्षित नाही अशी सूचना काढली. तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांना ‘अनम्यूट’चं बटण नुकतंच सापडलं होतं. काही जणांना धोका तिथून आहे असं वाटून त्यांनी पुढचे काही दिवस मौन पाळलं.

झूमची फुकट सेवा चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडत असे, आणि शाळेचा तासही साधारण तेवढाच. याचा सर्वांत मोठा धक्का बसला गणिताच्या सरांना. घंटा झाल्यावर “बस, एक सवाल और” म्हणत पुढच्या शिक्षकाच्या तासातली दहा मिनिटं खाणं हा त्यांचा अनेक वर्षांचा हक्क होता. मुख्याध्यापक जे करू शकले नव्हते ते एका परदेशी कंपनीने चाळीस मिनिटांत करून दाखवलं.

कोण शिकेल आणि कोण मागे पडेल याबद्दल आमचे सगळ्यांचे अंदाज ठरलेले होते. कॉम्प्युटर सायन्सच्या तरुण मॅडम पुढे, संस्कृतचे आचार्यजी सर्वांत मागे. झालं उलटंच. कॉम्प्युटरच्या मॅडमना दिवसभर बाकीच्यांचे फोन यायचे, त्यामुळे त्यांचा स्वतःचा तास कधी भरलाच नाही. आचार्यजी मात्र निवृत्तीला आलेले, धोतर नेसणारे, आठवड्याभरात ब्रेकआउट रूम्स उघडून बसले. मी रहस्य विचारलं तर म्हणाले, “मॅडम, इसमें कठिन क्या है? हर बटन का एक नियम है और हर नियम का एक अपवाद.” पाणिनीची जवळजवळ चार हजार सूत्रं ज्याने पचवली, त्याला सेटिंग्जचा मेनू काय घाबरवणार?

संगीताच्या मॅडमची कथा करुण होती. इंटरनेटवर आवाज प्रत्येक घरी वेगळ्या वेळी पोहोचतो, त्यामुळे समूहगान अशक्य. पहिल्या दिवशी वर्गाने एकच प्रार्थना म्हटली, पण कोणी ध्रुवपदावर होतं, कोणी अंतऱ्यावर, आणि एक मुलगा आधीच शेवटच्या शांतिपाठापर्यंत पोहोचला होता. मग त्यांनी सगळ्यांना म्यूट करून गायला लावलं आणि ओठांच्या हालचालीवरून मार्क दिले. त्या वर्षी संगीतात कोणीही बेसूर निघालं नाही.

पीटीच्या सरांनी कवायत घेऊन पाहिली. त्यांचं “सावधान!” शेवटच्या घरात पोहोचेपर्यंत पहिल्या घरात “विश्राम” होऊन मुलगा फ्रिजपर्यंत गेलेला असायचा. सरांनी नाद सोडला आणि सकाळी सातला सूर्यनमस्कार सुरू केले. मुलं झोपलेली असायची. कॅमेऱ्यासमोर त्यांच्या आया उभ्या राहायला लागल्या. तो वर्ग आजही चालू आहे. त्यात एकही विद्यार्थी नाही.

हजेरी हा तर स्वतंत्र विषय. पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला मुलाचं नव्हे, मोबाईलचं नाव. “पापा का फ़ोन?” “प्रेझेंट मॅम!” “रेडमी नोट?” “प्रेझेंट मॅम!” “बंटी टेलर्स?” “मॅम, वो दुकान पर गए हैं, मैं बोल रही हूँ.” त्यानंतर शिक्षकाच्या आयुष्यातला तो प्रश्न, जो या देशात त्या काळात सर्वांत जास्त वेळा विचारला गेला असावा : “मेरी आवाज़ आ रही है?” उत्तर नाही. पुन्हा, जरा मोठ्याने. उत्तर नाही. शेवटी चॅटमध्ये कोणीतरी लिहितं : ‘यस मॅम’. म्हणजे आवाज येत होता. सर्वांना येत होता. फक्त हे सांगण्याची जबाबदारी प्रत्येकाला दुसऱ्याची वाटत होती. नागरिकशास्त्र मी वेगळं शिकवत नाही, ते असं आपोआप शिकवलं जातं.

आणि वर्गात एकटी मुलं नव्हती. त्यांच्यामागे अख्खं घर बसलेलं असे. एका मुलाचे मीरतचे आजोबा माझ्या प्रत्येक तासाला हजर राहायचे. मी गंगेच्या मैदानाबद्दल काही सांगितलं की मागून पुष्टी यायची, “बिलकुल ठीक कह रही हैं.” पुष्टी आली नाही की मला पुस्तक तपासून बघावंसं वाटायचं. एका आईने मुलाला कानात उत्तर सांगितलं, ते चुकीचं निघालं, तर ती स्वतः पडद्यावर येऊन माझ्याशी वाद घालू लागली. आणि एक पंजाबी आजी तास संपता संपता रोज नातवाला म्हणायची, “मॅम से पूछ, चाय पी?” पगारवाढीच्या अर्जालाही इतकी विचारपूस कधी मिळाली नव्हती.

जुलै २०२० मध्ये केंद्राने ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत पहिली ते आठवीला दिवसातून तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोनच सत्रं, नववी ते बारावीला चार. मुलांच्या डोळ्यांची काळजी त्यात नीट घेतली होती. शिक्षकाच्या डोळ्यांबद्दल काही नव्हतं, कारण शिक्षक पडद्यापुढे दिवसभर बसणार हे गृहीतच होतं.

पण नियमात बसत नव्हती ती मुलं वेगळीच. तीन भावंडं आणि मोबाईल एक. तो मोबाईलही वडिलांबरोबर सकाळी कामावर जाणार आणि रात्री आठला परत येणार. अशा मुलाला सकाळी नऊच्या लिंकचा काय उपयोग? आमच्यातल्या एका हिंदीच्या बाईंनी कोणालाही न विचारता एक साधी गोष्ट सुरू केली. रात्री साडेआठला त्या व्हॉट्सॲपवर तीन-चार मिनिटांचे आवाजी निरोप टाकायच्या : एक धड्यावर, एक शब्दार्थांवर, एक गृहपाठावर. मुलं वहीचा फोटो काढून पाठवायची, बाई लाल रंगात फोटोवरच खुणा करून परत धाडायच्या. कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, कोणी आदेश काढला नव्हता, प्रमाणपत्र तर नव्हतंच. महिन्याभरात सगळी शाळा बाईंची पद्धत वापरत होती. आजही वापरते.

इथे जरा मागे वळून पाहिलं पाहिजे, कारण दिल्लीच्या शिक्षकासाठी ही काही पहिली क्रांती नव्हे. दूरदर्शन १९५९ साली सुरू झालं ते दिल्लीत, आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने दिल्लीच्या शाळांसाठी टीव्हीवरून धडेही सुरू झाले. विज्ञानाचे शिक्षक आणि प्रयोगशाळा दोन्ही कमी, तर वर्गात टीव्हीच ठेवू, असा विचार. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ नावाचा प्रकल्प आला आणि निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाली. दुपारी जेवून टीव्ही लावल्यावर अमिबाचं विभाजन बघत डुलकी काढलेल्या पिढीला ती चांगली आठवत असेल. २० सप्टेंबर २००४ ला तर शिक्षणासाठी खास उपग्रहच सोडला, एज्युसॅट. सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर तो आपल्या जागी अचूक पोहोचला. २०१७ मध्ये ‘स्वयं’ आलं, ‘दीक्षा’ आलं.

या क्रांत्यांनी देशभर बरंच काही केलं असेल. मी पाहिलेल्या शाळांपुरतं सांगायचं तर प्रत्येक क्रांतीचा शेवटचा मुक्काम एकच : मुख्याध्यापकांच्या खोलीशेजारचं लोखंडी कपाट. वरच्या कप्प्यात ओव्हरहेड प्रोजेक्टर, मधल्या कप्प्यात सीड्यांचा संच, खालच्या कप्प्यात मूळ प्लास्टिकच्या वेष्टणातला इंटरॅक्टिव्ह बोर्डाचा पेन. कपाटाला कुलूप, किल्ली एका सरांकडे, आणि सर बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, ड्यूटीवर. वस्तू महाग असल्यामुळे हरवली तर वसुली शिक्षकाकडून होणार, म्हणून ती न वापरणं हाच ती जपण्याचा खात्रीचा मार्ग. स्टॉक रजिस्टरमध्ये या वस्तूंची नोंद दरवर्षी इमानेइतबारे होते. ‘स्थिती : उत्तम’ असा शेरा असतो, आणि तो शंभर टक्के खरा असतो.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याकडचंच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींना एक साधी अडचण होती : पुस्तक मुलांच्या भाषेत नाही आणि त्यात मुलांना धरून ठेवणारं काही नाही. त्यांनी मजकूर मुलांच्या मातृभाषेत आणला आणि पुस्तकात क्यूआर कोड चिकटवले, मोबाईल धरला की कविता ऐकू येईल, व्हिडिओ दिसेल असे. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं ठरवलं. २०१८ मध्ये तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री, आपले पुण्याचे प्रकाश जावडेकर, यांनी एनसीईआरटीच्या पुस्तकांतही ते येतील असं जाहीर केलं. ३ डिसेंबर २०२० ला गुरुजींना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटली. ती बातमी आली तेव्हा स्टाफरूममध्ये मी जरा ताठ बसले होते. गणिताच्या सरांनी विचारलं, “आपके यहाँ के हैं?” मी सोलापूरची नाही, पण त्या दिवशी होते.

प्रशिक्षणाकडे येऊ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला पन्नास तास व्यावसायिक प्रशिक्षण घ्यायचं आहे. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात हे तास मिळतात रात्री, स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्ट्या आणि वेबिनारचे तज्ज्ञ एकाच वेळी चालू असतात. तज्ज्ञ सांगतात की विद्यार्थ्याला सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ व्याख्यान देऊ नये. हे ते दीड तास सांगतात. मधूनच “आर वी ऑल ऑन द सेम पेज?” असं विचारतात; आम्ही सगळे एकाच पानावर असतो, फक्त ते पान वहीतलं असतं आणि आम्ही उद्याचे पेपर तपासत असतो. शेवटी प्रश्नमंजूषा. पहिल्या हुशार शिक्षकाने ती सोडवली की दहा मिनिटांत उत्तरं सगळ्या ग्रुपवर. कॉपी केली म्हणून ज्यांनी आयुष्यभर मुलांना बाकावर उभं केलं ते लोक ‘क्र. ७ का बी है या सी?’ असं विचारताना दिसतात. मग प्रमाणपत्र येतं : सोनेरी किनार, खाली तीन सह्या. माझ्या एका सहकाऱ्याने ‘कक्षा में एकाग्रता’ या विषयाचं प्रमाणपत्र मेट्रोत, आनंदविहार ते द्वारका प्रवासात, उभ्याने मिळवलं.

खरं प्रशिक्षण कुठे होतं ते कोणी लिहीत नाही. ते होतं मधल्या सुट्टीत, आठवीतल्या पोराकडून. “मॅम, इधर दबाओ. इधर नहीं मॅम, इधर.” त्याच्या आवाजात मी स्वतः आठवीला अक्षांश-रेखांश समजावताना असते तेवढी सहनशीलता असते, आणि तेवढीच ती संपत चालल्याची जाणीवही.

आता एआय आलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, आणि आम्हा शिक्षकांना दर शुक्रवारी द्यायच्या पाठ-नियोजनाचा जो शाप होता त्यावर उःशाप सापडला. पूर्वी पाठ-नियोजन मागच्या वर्षीच्या वहीतून उतरून काढायचं असे, त्याला निदान हाताला श्रम होते. आता एक ओळ लिहिली की चार पानं पापडासारखी लाटून मिळतात, सगळी एका मापाची. मध्यंतरी सामाजिक शास्त्राच्या सगळ्या शिक्षकांची नियोजनं शब्दन्शब्द सारखी निघाली. कोऑर्डिनेटर मॅमनी त्यावर अतिशय सुंदर, समतोल, तीन मुद्द्यांचा अभिप्राय दिला. तोही सगळ्यांना सारखाच होता. मला खारे वारे आणि मतलई वारे शिकवण्यासाठी एआयने एक उपक्रम सुचवला : विद्यार्थ्यांना जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर न्या. दिल्लीहून जवळचा समुद्र गाठायला रेल्वेत रात्र काढावी लागते. यमुनेच्या काठावर जाता येईल, पण तिथे वाऱ्याखेरीज दुसरंच काही जाणवतं.

मुलंही मागे नाहीत. ज्या मुलाला कालपर्यंत ‘मान्सून’ लिहिताना मात्रा कुठे द्यायची ते माहीत नव्हतं, त्याचा गृहपाठ ‘निष्कर्षतः यह कहा जा सकता है’ या वाक्याने संपतो. आम्ही तो एआयकडूनच तपासून घेतो. म्हणजे एआयने लिहायचं, एआयने तपासायचं, आणि मधल्या मोकळ्या वेळात मुलाने आणि शिक्षकाने काय करायचं यावर अजून वेबिनार व्हायचा आहे.

या सगळ्या गोंधळात एक ऑनलाइन वर्ग असा आहे की ज्याबद्दल कोणाची तक्रार नाही. दिल्लीचं जुनं मराठीपण पहाडगंज आणि करोल बागेच्या आसपासचं. नूतन मराठी शाळा तिथे, चौगुले पब्लिक स्कूल तिथे. नवी मराठी कुटुंबं मात्र नोकरीच्या मागे नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबादला पांगली. गुरुग्रामहून मुलाला रविवारी पहाडगंजला मराठी शिकायला आणायचं तर येण्याजाण्यातच दिवस सरतो आणि मूल गाडीत हिंदी गाणी पाठ करतं. नोएडातल्या एका निवृत्त मराठी बाईंनी त्यावर उपाय काढला. दर रविवारी सकाळी एक लिंक. स्टीलच्या डब्याला टेकवलेला मोबाईल, खाली अंकलिपी, आणि पडद्यावर बोट फिरवत काढलेला ‘ळ’. चार वेगवेगळ्या शहरांतली मुलं, आणि त्यांच्या हट्टाने सामील झालेली नागपूर-साताऱ्याची आजी-आजोबा मंडळी. एक मुलगी ठसक्यात सांगते, “मी होमवर्क केली.” साताऱ्याची आजी कॅमेऱ्यात डोकं घालून म्हणते, “केला गं, केला.” मुलगी विचारते, “का?” यावर सगळ्या आज्या एकाच वेळी बोलायला लागतात आणि त्यात पुढचा अर्धा तास जातो. पण मुलं शिकतात. मागच्या गणपतीत त्यांतल्या एका पोराने आरतीत ‘ळ’ इतका स्पष्ट म्हटला की बाकीच्यांनी वळून पाहिलं.

बाईंकडे स्मार्ट बोर्ड नाही, पाठ-नियोजन नाही, प्रमाणपत्र नाही. अडचण होती, आणि ती सोडवायला हाताशी जे मिळालं ते त्यांनी उचललं. हिंदीच्या बाईंचे रात्रीचे निरोप, पीटी सरांचे सूर्यनमस्कार, परितेवाडीचे क्यूआर कोड, सगळ्यांची जन्मकथा हीच. शिक्षकाने स्वतःच्या गरजेपोटी उचललेलं साधन टिकतं. वरून आदेशाबरोबर आलेलं साधन लोखंडी कपाटात जातं. शैक्षणिक तंत्रज्ञानावर माझा एवढाच प्रबंध आहे, आणि त्यासाठी एकही तास वेबिनार लागला नाही.

म्हणून पुढचं ॲप, पुढचा बोर्ड, पुढचा उपग्रह मंजूर करणाऱ्यांना एक विनंती. वस्तू पाठवण्याआधी शिक्षकाला एकदा विचारा की बाई, तुमची अडचण काय आहे. ती बहुतेक वेळा चार्जिंगच्या पॉइंटची निघेल. वस्तू फुटली तर वसुली करणार नाही असं लिहून द्या. प्रशिक्षण शाळेच्या वेळेत द्या. आणि कपाटाची किल्ली कपाटालाच लावून ठेवा.

पालकांना वेगळी विनंती. नोव्हेंबर आला की दिल्लीची हवा पुन्हा डिस्टिंक्शन मिळवणार आणि वर्ग पुन्हा तुमच्या घरात भरणार. मुलाला उत्तरं कानात सांगू नका, ती बहुधा चुकतात. भाजीवाला आला तर माइक बंद करा. आणि पलीकडून शिक्षक विचारतील की आवाज येतोय का, तेव्हा येत असेल तर तेवढं ‘हो’ म्हणा.